अंतर मोजून टाकलेला उजेड

छायाचित्रणाच्या वर्तुळात काही समजुती धर्मनियमांसारख्या पाळल्या जातात. रेंजफाइंडर कॅमेरा वापरणाऱ्याने फ्लॅशला शिवू नये, ही त्यांतलीच एक. या कॅमेऱ्याची प्रतिष्ठा त्याच्या मितभाषीपणावर उभी आहे. आकार लहान, आवाज कमी, आणि जो उजेड असेल त्यात काम भागवायचे. आँरी कार्तिए-ब्रेसाँने फ्लॅश कटाक्षाने दूर ठेवला आणि त्याच्या मागून आलेल्यांनी त्या नकाराचे व्रत करून टाकले. अशा कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा फ्लॅश चढवणे म्हणजे ग्रंथालयात ताशा वाजवणे होय, असे आम्हीही बरीच वर्षे मानत होतो.

ते मत आज आमचे राहिलेले नाही. ते बदलले आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर, आणि बदलले ते एका फसलेल्या छायाचित्रामुळे. साहित्याच्या व्यासपीठावर कॅमेऱ्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमच्या मते हा प्रश्न मुळात उजेडाचा आहे, आणि ‘उजेडात आणणे’ हा वाक्प्रयोग आपण समीक्षेत इतक्या सढळ हाताने वापरतो की त्याचा हिशेब कधीतरी मांडणे भागच होते.

प्रथम प्रसंग सांगतो. आम्ही दोघे उपनगरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी पदव्युत्तर वर्गातली चार मुले घेऊन आम्ही आरेत जात होतो. गोरेगावहून पवईकडे जाणारा रस्ता सर्वांच्या परिचयाचा असतो. त्या रस्त्यापासून आत, झाडीत विखुरलेले पाडे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसतात. दुग्धवसाहत १९४९ साली उभी राहू लागली आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. वारली, मल्हार कोळी, कोकणा आणि कातकरी कुटुंबांची वस्ती तिच्याही आधीची. शेजारीच १९७७ साली चित्रनगरी आली. तिथे मध्यरात्रीसुद्धा दुपार उभी करता येते. काही पाड्यांवर मात्र विजेचा दिवा फार उशिरा पोचला.

ज्या घरी आम्ही जात होतो तिथल्या आजी तरुणपणी लग्नांत धवलेरी म्हणून गात असत. त्या संध्याकाळी त्या कणसरीचे गाणे सांगत होत्या. गेरूने सारवलेली भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे, आणि दाराशी टांगलेला एकच पिवळा बल्ब. आमच्याकडे एका स्नेह्याचा डिजिटल रेंजफाइंडर उसना आणलेला होता आणि त्यावर एक जुना फ्लॅश. उजेड अपुरा आहे असे वाटून आम्ही फ्लॅश चालू केला आणि कळ दाबली.

गाणे थांबले. आजींनी हात डोळ्यांवर नेला. हे आम्हांला दिसले, आणि दिसले याचे कारण यांत्रिक आहे. एसएलआर कॅमेऱ्यात कळ दाबताच आतला आरसा वर उचलला जातो आणि नेमक्या त्या क्षणी छायाचित्रकाराच्या डोळ्यापुढे काळोख येतो. रेंजफाइंडरमध्ये असा आरसा नसतो. पाहण्याची खिडकी वेगळी, भिंग वेगळे. त्यामुळे फ्लॅश उडतो तेव्हा त्या उजेडात समोरचा चेहरा कसा दचकतो, हे कॅमेरा धरणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते. आपल्या कृतीचा परिणाम नजरेआड करण्याची सोय हा कॅमेरा देत नाही.

पुढची गोष्ट आठवड्याने घडली. आम्ही छायाचित्राची प्रत घेऊन गेलो. आजींचा चेहरा कागदासारखा पांढरा, मागची भिंत काळी, भिंतीवरची चित्रे जवळजवळ गायब. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांची नात शाळेत जाणारी, तिने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारले, “सर, तेव्हा आमचा दिवा चालू होता ना? मग घरात काळोख कसा?”

या प्रश्नाला आमच्याजवळ तांत्रिक उत्तर होते. ते देताना मात्र लाज वाटली.

उत्तर असे. अशा कॅमेऱ्यातील शटर म्हणजे दोन पडदे. पहिला सरकून संवेदक उघडा करतो, दुसरा मागून येऊन तो झाकतो. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. तेवढ्या काळात संपूर्ण संवेदक उघडा असणे आवश्यक असते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला फ्लॅशपुरती वेगाची एक मर्यादा असते. एप्सनने २००४ साली आणलेल्या आर-डी१ या पहिल्या डिजिटल रेंजफाइंडरमध्ये ती सेकंदाचा १२५वा भाग होती, लायकाच्या २००६ सालच्या एम८मध्ये २५०वा भाग, आणि २००९ सालच्या एम९मध्ये १८०वा. या मर्यादेच्या पुढे गेल्यास चित्राचा एक पट्टा काळा राहतो, एवढे बहुतेकांना माहीत असते. मर्यादेच्या मागे हवे तितके येता येते, ही गोष्ट मात्र विसरली जाते. आम्ही विसरलो होतो. शटर जलद, छिद्र लहान. अशा मांडणीत फ्लॅशचा लखलखाट पुरेपूर नोंदला जातो, पण दाराच्या बल्बचा मंद उजेड नोंदला जायला वेळच मिळत नाही. घरात दिवा होता. आमच्या उजेडाने तो विझवला.

आता रेंजफाइंडर या शब्दाकडे पाहावे. मराठीत त्याला सरळ ‘अंतरमापक’ म्हणता येईल. खिडकीतून पाहताना मध्यभागी एक छोटा चौकोन दिसतो आणि त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा असतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर आणायच्या; त्या जुळल्या की समोरचा माणूस किती अंतरावर आहे हे भिंगावरच्या आकड्यांत वाचता येते. दुसरीकडे, हाताने चालवायच्या फ्लॅशलाही हाच एक आकडा हवा असतो. प्रत्येक फ्लॅशचा गाइड नंबर ठरलेला असतो. त्याला अंतराने भागले की भिंगाचे छिद्र किती ठेवायचे ते कळते. गाइड नंबर २० असलेला फ्लॅश, आयएसओ १००, माणूस अडीच मीटरवर, तर छिद्र एफ-८. तोच माणूस पाच मीटरवर, तर एफ-४. आयएसओ ४०० केला तर गाइड नंबर दुप्पट, म्हणजे ४० होतो. एवढेच गणित.

म्हणजे हा कॅमेरा आणि हा फ्लॅश यांचे नाते विजोड आहे असे जे म्हटले जाते, ते तपासून पाहावे लागेल. एक उपकरण अंतर सांगते. दुसरे अंतर विचारते. अंतर महत्त्वाचे का, तर प्रकाश अंतराच्या व्यस्त वर्गाने क्षीण होतो. दुप्पट लांब गेले की उजेड एकचतुर्थांश, तिप्पट लांब गेले की एकनवमांश. पुढे बसलेल्या आजी पांढऱ्या पडतात आणि मागची भिंत काळी होते ती यामुळेच. आजचे स्वयंचलित फ्लॅश हे गणित आपल्या वतीने करतात. ती सोय चांगलीच आहे; मात्र माणूस आपल्यापासून किती दूर आहे याचा विचार करण्याची जबाबदारीही त्या सोयीबरोबर आपल्या हातून निघून जाते.

पुन्हा गेलो तेव्हा आम्ही आधी विचारले. फ्लॅश एकदा हातावर उडवून आजींना दाखवला. त्यांनी मान डोलावली, आणि डोळ्यांवर मारू नका असे बजावले. आम्ही आयएसओ ८०० केला, छिद्र एफ-२.८ आणि शटर सेकंदाचा १५वा भाग, म्हणजे बल्बच्या उजेडाला चित्रात यायला अवसर मिळावा. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेलचा तुकडा चिकटवला, कारण फ्लॅशचा उजेड दिवसासारखा पांढरा असतो आणि त्या घरातला उजेड पिवळा होता. शक्ती सोळाव्या हिश्शावर आणली. एका विद्यार्थ्याने पांढरे धोतर ताणून धरले आणि आम्ही फ्लॅश त्या कापडावर वळवला, म्हणजे परतलेला मऊ उजेड तेवढा आजींपर्यंत पोचावा. असा उजेड वळवला की गाइड नंबरचे सरळ गणित चालत नाही. फ्लॅशपासून कापडापर्यंत आणि कापडापासून चेहऱ्यापर्यंतची सगळी वाट मोजावी लागते, शिवाय कापड जे गिळते तेही धरावे लागते. तीन चित्रे वाया गेली. चौथ्यात आजींचा हात किंचित हललेला आहे, चेहरा स्पष्ट आहे, आणि भिंतीवरची चित्रे बल्बच्या उजेडात जशी दिसत होती तशी दिसतात. गाणे चालू होते.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. आजचे संवेदक इतके तल्लख झाले आहेत की आयएसओ ६४०० ठेवून बल्बच्या उजेडात सहज काम भागले असते. मग फ्लॅशचा खटाटोप कशाला? आक्षेप तंत्राच्या बाजूने बरोबर आहे. अनेकदा तसेच करावे, आम्हीही करतो. परंतु ‘असेल तो उजेड’ म्हणजे आपोआप सभ्यता, हे आम्हांला मान्य नाही. अंधारातून, आवाज न करता, कोणाला कळू न देता चित्र घेणे ही एक प्रकारची उचलेगिरीच ठरू शकते. फ्लॅश निदान लपत नाही. ‘मी इथे आहे, मी तुमचे चित्र घेतो आहे’ हे तो साऱ्या घराला सांगतो, आणि त्यामुळे समोरच्याला ‘नको’ म्हणण्याची संधी मिळते. आधी विचारून, अंतर मोजून, घरातल्या दिव्याला न मारता वापरलेला फ्लॅश हा चोरट्या उजेडापेक्षा अधिक प्रामाणिक असतो, असे आमचे मत आहे.

इतिहासही हेच दोन मार्ग दाखवतो. १८८७ च्या सुमारास मॅग्नेशियमच्या पावडरीचा फ्लॅश न्यूयॉर्कला पोचला आणि जेकब रीस या पोलिसवार्ता लिहिणाऱ्या पत्रकाराने तो तिथल्या गरीब वस्त्यांत नेला. रात्री खोल्यांत शिरून त्याने झोपेतून दचकलेल्या माणसांची चित्रे घेतली. त्यांच्या आधाराने सिद्ध झालेल्या ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ या १८९० सालच्या पुस्तकाने गृहसुधारणेला चालना दिली, हे निर्विवाद. पण अंध माणसे राहत होती अशा एका खोलीत त्या पावडरीने आग लागल्याचेही त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. हेतू चांगला होता. अंतराचा विचार नव्हता. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने उत्तरेच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार बांधून, वाघाच्याच पावलाने फ्लॅश उडवून चित्रे घेतली. त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ साली आले. बंदुकीच्या काळात कॅमेरा उचलणे ही मोठीच गोष्ट होती.

या परंपरेतले आरेचे स्वतःचे उदाहरण २०१६ सालचे आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत नागरी विभागाचे पारितोषिक नयन खानोलकर यांच्या ‘द ॲली कॅट’ या छायाचित्राला मिळाले. आरेतल्या वारली वस्तीत घरांच्या मधल्या बोळातून रात्री जाणारा बिबट्या त्यात आहे. हे काम रेंजफाइंडरचे नव्हे. कॅमेरा बोळात लावून ठेवलेला होता आणि तो धरायला तिथे माणूस नव्हता. तरीही आमच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. खानोलकरांनी आधी वस्तीतल्या लोकांची संमती मिळवली. बिबट्या कुठून कसा येतो हे त्यांच्याकडून जाणून घेतले. बाहेरून आणलेले फ्लॅश असे लावले, की त्या बोळात रोज असणाऱ्या उजेडाचीच नक्कल व्हावी. बिबट्याने चौकट व्यापू नये, अशी कॅमेऱ्याची जागा ठरवली. आणि चार महिने वाट पाहिली. ते चित्र पाहताना फ्लॅश जाणवत नाही; ती लोकांच्या घरामागची एक नेहमीची रात्र वाटते. वारली समाजात वाघोबाला देवाचे स्थान आहे. देवाच्या वाटेवर दिवा लावायचा तर तो कोणत्या रीतीने, हे त्या लोकांना विचारणेच योग्य होते.

मात्र चांगल्या चित्राचाही पल्ला मर्यादित असतो, हे सांगितले नाही तर आमचा लेख त्या चित्राची आरती होईल. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरेत बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे जखमी झाली. २०२२ च्या दिवाळीत दीड वर्षाची एक मुलगी मृत्युमुखी पडली. ‘सहजीवन’ हा शब्द त्या घरापुढे उभे राहून उच्चारता येईल काय, याचा विचार आपण शहरी रसिकांनी केला पाहिजे. यात छायाचित्रकाराचा दोष नाही. उजेड जिथवर पोचला तिथवरचे त्याने दाखवले. त्यापलीकडे काहीच नाही असे समजणे ही पाहणाऱ्याची चूक.

उजेड म्हणजे चांगले, काळोख म्हणजे वाईट, ही आपल्या भाषेत मुरलेली धारणाही आरेने आमच्यापुरती मोडून काढली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवण्यास सांगितले, तोवर २,१४१ झाडे पडलेली होती. ते कामही दिव्यांच्याच उजेडात झाले, आणि ते जगापुढे आले तेही लोकांच्या हातांतल्या छोट्या दिव्यांमुळे. उजेडाला स्वतःची नीती नसते. तो कोणाच्या हातात आहे, कुणाच्या संमतीने पडतो आहे आणि किती अंतरावरून, यावर सारे अवलंबून असते.

आता आपल्या क्षेत्राकडे वळू. वर्गात आणि लेखांत आपण किती सहज म्हणतो की अमुक लेखकाने आदिवासी जीवन उजेडात आणले, तमुक कादंबरीने उपेक्षितांच्या अंधाऱ्या जगावर प्रकाशझोत टाकला. गेली वीस वर्षे आम्हीही विद्यार्थ्यांना हेच लिहायला शिकवले आणि त्याबद्दल गुणही दिले. त्या मुलीच्या प्रश्नानंतर हे वाक्य आमच्या हातून लिहिले जात नाही. ज्या घरावर आपण प्रकाशझोत टाकला म्हणतो, त्या घरात आधी दिवा नव्हता काय? गाणे होते, देव होते, भिंतीवर चित्रे होती. आपल्या लेखनात ते घर काळोखे दिसत असेल, तर तो काळोख घराचा की आपल्या शटरचा, हे तपासायला हवे.

वारली चित्रांतच याचे उत्तर दिसते, असे आम्हांला वाटते. २०११ साली पद्मश्रीने गौरवलेले जिव्या सोमा मशे असोत किंवा लग्नाच्या वेळी चौक लिहिणाऱ्या अनाम स्त्रिया, त्या परंपरागत चित्रांत कुठेही सावली नाही. पांढरी माणसे गेरूच्या भिंतीवर स्वतःच उजळ असतात. उजेड कोणत्या बाजूने येतो हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. बाहेरून आलेल्या लेखकाला ही मुभा नसते. त्याला आपला उजेड आणावाच लागतो, कारण त्याचे डोळे त्या घराच्या उजेडाला सरावलेले नसतात. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिले ते वारल्यांमध्ये वर्षानुवर्षे राहून, त्यांच्या लढ्यात उतरून. त्या पुस्तकाचे मोल ठरवताना आपण विषयाबरोबर हे तुटलेले अंतरही मोजले पाहिजे. उलट, एका दुपारच्या भेटीवर लिहिलेले ललित लेख कितीही संवेदनशील असले तरी पाच मीटरवरून लिहिलेले असतात. पाच मीटरवरून लिहिण्याला आमची हरकत नाही. ते अडीच मीटरवरून लिहिल्याचा आव आणला जातो, त्याला आहे.

तेव्हा बाहेरचा उजेड आणू नका, असे आमचे म्हणणे नाही. तो सोवळेपणा कॅमेऱ्यातही खोटा आणि साहित्यातही. आणायचाच आहे, तर अंतर आधी मोजावे, शक्ती कमी करावी, त्या घरातल्या दिव्याला चित्रात यायला वेळ द्यावा, आणि चूक झाली तर ती पाहण्यासाठी डोळे उघडे ठेवावेत. हे नियम फ्लॅशच्या माहितीपुस्तकातले वाटतील. यंदापासून लोकसाहित्याच्या प्रकल्पाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगणार आहोत.

चौथ्या छायाचित्राची प्रत आम्ही आजींना नेऊन दिली. नातीने ती उजेडाकडे धरून पाहिली, भिंतीवरच्या चित्रांवरून बोट फिरवले आणि कोणते चित्र कोणी काढले ते सांगू लागली. त्यांतले एक तिचे स्वतःचे होते. पहिल्या फोटोत ते काळोखात गेलेले होते.